दाणा टाकणारा हात आणि पाहणारे डोळे

मुक्या जिवाला दाणापाणी देणे हे पुण्याचे काम आहे, ही समजूत आपल्याकडे सर्व धर्मांत आढळते. जैनांची जीवदया, हिंदूंच्या पितृपक्षातला कावळ्याचा घास, मुसलमानांचा सदका. शब्द वेगळे, भावना एकच. आपण लावलेल्या झाडाचे फळ पाखराने खाल्ले तरी तो सदकाच, हे मी लहानपणी घरातच ऐकले. उस्मानी तुर्कांनी तर मशिदींच्या भिंतींवर पाखरांसाठी दगडात कोरलेली घरे बांधली. इस्तंबूलच्या उस्कुदार भागातल्या अठराव्या शतकातील अयाज्मा मशिदीवर ती आजही दिसतात.

पण दाणा टाकल्यावर खाणाऱ्याचे खरोखर भले होते का? हा प्रश्न दान करणारा सहसा विचारत नाही. तो विचारला जाण्याचा एक चांगला इतिहास मला ब्रिटनच्या हिवाळी बागांत सापडतो.

तिथला हिवाळा पाखरांची परीक्षाच घेतो. दिवस जेमतेम आठ तासांचा, जमीन गोठलेली, किडे गायब. निळ्या टिट पक्ष्याचे वजन दहा-अकरा ग्रॅम. दिवसभरात पुरेसे खायला मिळाले नाही, तर थंडीची एक लांब रात्र त्याचा जीव घेऊ शकते. १८९०-९१चा हिवाळा असाच कडक होता. तेव्हा वर्तमानपत्रांनी वाचकांना पाखरांसाठी अन्न बाहेर ठेवण्याचे आवाहन केले. लंडनमध्ये थेम्सच्या पुलांवर कामगार आणि पोरे जेवणाच्या सुट्टीत आपल्या खाण्यातले उरलेले कुरव पक्ष्यांना घालत. निसर्गलेखक डब्ल्यू. एच. हडसन यांनी १८९८च्या आपल्या पुस्तकात याची नोंद केली आहे. त्याच काळात श्रीमंत बायकांच्या टोप्यांवर पाखरांची पिसे मिरवत होती आणि त्याविरुद्ध काही स्त्रियांनीच १८८९ मध्ये पक्षीरक्षणाची संस्था काढली होती.

रोज दाणे घालणारी माणसे हळूहळू पाहायलाही लागली. १९२१ मध्ये साउदॅम्प्टनजवळच्या स्वेदलिंग गावात टिट पक्षी दारातल्या दुधाच्या बाटल्यांची झाकणे फोडून साय खाताना दिसले. पुढे ही युक्ती गावोगाव पसरत गेली. १९४९ मध्ये फिशर आणि हाइंड या अभ्यासकांनी तिचा प्रवास मांडला, तो मुख्यतः साध्या लोकांनी कळवलेल्या नोंदींच्या आधारावर. १९७९ पासून तर जानेवारीअखेर घराघरांतून बागेतल्या पक्ष्यांची गणना होते. मुलांचा उपक्रम म्हणून ती सुरू झाली. आता पाच लाखांहून अधिक लोक तासभर खिडकीशी बसून पक्षी मोजतात. बागांतल्या चिमण्या निम्म्याहून जास्त घटल्या, हे याच मोजणीतून ठळकपणे पुढे आले.

या कहाणीचा सर्वांत महत्त्वाचा भाग मात्र सुखाचा नाही. २००५ पासून ग्रीनफिंच नावाचे हिरवट पाखरू घशाच्या एका संसर्गाने मोठ्या संख्येने मरू लागले. हा रोग दूषित अन्नपाण्यातून पसरतो आणि एकाच ताटलीवर गर्दी झाली की त्याला वाट मिळते. म्हणजे मायेने भरलेली ताटलीच रोगाचे ठिकाण होऊ शकत होती. २०२१ मध्ये ग्रीनफिंच तिथल्या धोक्यातल्या पक्ष्यांच्या लाल यादीत गेला. लोक पाहत होते, मोजत होते, म्हणून हे कळले. मग सल्ला बदलला: भांडी नियमित धुवा, जागा बदलत राहा, आजारी पाखरू दिसले तर काही दिवस दाणे बंद ठेवा.

आता मुंबईकडे पाहू. २०२५ मध्ये दादरचा कबुतरखाना बंद करण्यावरून मोठा वाद झाला. डॉक्टर फुप्फुसाच्या विकारांबद्दल सांगत होते, भाविक जीवदयेबद्दल. दोन्ही बाजूंच्या गदारोळात पाखरांचे हित मागे पडले, असे मला वाटते. मुंबईत बर्फ पडत नाही. इथे पोतीच्या पोती धान्य ओतल्याने उपाशी जीव वाचतात असे नाही. आधीच भरपूर असलेली एकच जात, म्हणजे कबुतरे, आणखी वाढते. चिमणीच्या पिलांना तर ज्वारीपेक्षा किडे-अळ्या लागतात आणि त्यासाठी फवारणी न केलेला थोडा झाडोरा हवा.

सदका देताना घेणाऱ्याची गरज पाहावी, हे आपण माणसांच्या बाबतीत मानतो. पाखरांनाही तोच नियम लावायला काय हरकत आहे? मे महिन्यात गॅलरीत पाण्याचे उथळ भांडे ठेवावे, ते रोज घासावे आणि कोण कोण येते ते पाहावे. ब्रिटनच्या दीडशे वर्षांच्या अनुभवातून मला एवढेच कळते की दाणा टाकून पाठ फिरवली तर दान अर्धेच राहते.