ठरलेली तारीख

मुंबईच्या फोर्ट भागात, विद्यापीठाच्या आवारात, राजाबाई मनोरा उभा आहे. तो तुम्ही पाहिला असेलच. निदान चित्रात तरी. त्याच्या घड्याळाकडे पाहत कितीतरी पिढ्यांचे विद्यार्थी परीक्षेला धावले. पण हा मनोरा ज्या पैशातून उभा राहिला, त्या पैशाची हकीकत म्हातारपणासाठी चार पैसे मागे टाकणाऱ्या प्रत्येकाने ऐकावी अशी आहे.

गोष्ट १८६१ सालची. त्या वर्षी अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे अडवली आणि तिकडचा कापूस इंग्लंडला जाईनासा झाला. लँकेशायरच्या गिरण्या कापसावाचून बंद पडू लागल्या. मग गिरणीवाल्यांना आठवण झाली ती हिंदुस्थानच्या कापसाची. गुजरात, खानदेश, वऱ्हाड इथला कापूस मुंबई बंदरातून जहाजांवर चढू लागला. भाव पाहता पाहता कितीतरी पट वाढले आणि मुंबईत सोन्याचांदीचा पूर लोटला.

पैसा आला, पण तो ठेवायचा कुठे? मग रोज नवी बँक, रोज नवी कंपनी! समुद्र हटवून जमीन काढणाऱ्या कंपन्यांना तर सर्वांत अधिक मान. बॅक बे कंपनीचे उदाहरण घ्या. पाच हजार रुपये भरलेल्या तिच्या एका शेअरवर पन्नास हजारांपर्यंत बढती बोलली जाऊ लागली. जमीन अजून समुद्राखालीच होती, हे लक्षात घ्या! सावकारापासून कारकुनापर्यंत सगळे या नादी लागले. पुढे सर झालेले दिनशा वाच्छा तेव्हा विशी गाठणारे तरुण होते. त्यांनी हा सारा प्रकार डोळ्यांनी पाहिला आणि १९१० साली त्यावर पुस्तकच लिहिले.

आता मुद्द्याची गोष्ट सांगतो. यातले पुष्कळ सौदे वायद्याचे होते. म्हणजे आज बोली करायची आणि पैसे पुढे ठरलेल्या दिवशी मोजायचे. कितीतरी सौद्यांचा तो दिवस होता १ जुलै १८६५. तोवर भाव चढलेले असतील, विकून मोकळे होऊ, असा प्रत्येकाचा हिशेब.

आणि एप्रिल १८६५ मध्ये अमेरिकेतले युद्ध संपले! कापसाचे भाव कोसळले, त्यामागून शेअर कोसळले. १ जुलै उजाडली तेव्हा देणेकरी होते हजारो, पण देण्यास पैसा कोणाजवळच नव्हता. एकाने दुसऱ्याला बुडवले, दुसऱ्याने तिसऱ्याला. १८४० साली निघालेल्या बँक ऑफ बॉम्बेत सरकार स्वतः भागीदार. तिचे काही संचालकही सरकारने नेमलेले. तिच्याइतके निर्धास्त ठिकाण दुसरे कोणते? परंतु १८६३ च्या नव्या कायद्याने शेअर तारण घेऊन कर्ज देण्याची तिला मुभा मिळाली होती. तारणच कागदमोलाचे झाले, तेव्हा भांडवलाचा बहुतेक भाग बुडाला आणि १८६८ मध्ये बँक मोडीत निघाली.

कोणी म्हणेल, हा लोभाचा परिणाम. लोभ होताच, नाही कशाला म्हणा? पण मला त्याहून महत्त्वाची वाटते ती तारीख. तेजी-मंदी म्हणजे चार दिवस सासूचे, चार दिवस सुनेचे. ज्याला थांबता येते तो मंदीतून तरतो. ज्याचा दिवस ठरलेला, त्याला थांबायची सोयच नसते.

या सट्ट्याचे सूत्रधार प्रेमचंद रायचंद. तेही या पडझडीत बुडाले. पण १८६५ साली त्यांचे वय अवघे चौतीस! त्यांनी पुन्हा धंदा सुरू केला आणि १९०६ पर्यंत ते जगले. साठीच्या माणसाला असा दुसरा डाव कोण देणार?

आता माझ्याकडे पाहा. १ नोव्हेंबर २००५ पासून पुढे नेमलेल्यांना राज्य शासनाने जुने निवृत्तिवेतन बंद केले. मी त्या तारखेनंतरचा. माझ्या पगारातून दरमहा हप्ता कापला जातो, शासन आपला घालते आणि त्यातला थोडा भाग शेअरबाजारात जातो. बाजार पडला की आमच्या शिक्षकांच्या खोलीत चहा कडू लागतो. मी मात्र २००८ साल आठवतो. त्या जानेवारीत मुंबईचा निर्देशांक वीस हजारांच्या वर होता; ऑक्टोबरात तो नऊ हजारांखाली आला. आणि नोव्हेंबर २०१० मध्ये पुन्हा एकवीस हजारांवर! पस्तिशीच्या माणसाला ही दोन वर्षांची हुरहूर. पण २००८ च्या दिवाळीतच जो निवृत्त झाला आणि ज्याची सारी पुंजी बाजारात होती, त्याची १ जुलै त्याच दिवशी आली.

तेव्हा, वाचकहो, बाजाराला शिव्या देऊ नका आणि त्याची पूजाही मांडू नका. एवढेच विचारा की आपली तारीख किती लांब आहे. पुष्कळ लांब असेल तर थोडा धोका सोसेल. महागाईशी झुंजायला तो लागतोही. पण तारीख जवळ येऊ लागली की दरवर्षी थोडे थोडे काढून सुरक्षित जागी ठेवावे. निदान पहिल्या पाच-सात वर्षांच्या डाळभाताचे पैसे तरी बाजाराच्या हाती नसावेत. आणि हे काम तेजीत करावे. मंदीत करायला उशीर झालेला असतो.

राहिली मनोऱ्याची गोष्ट. १८६४ मध्ये, ऐन तेजीत, प्रेमचंदांनी विद्यापीठाला ग्रंथालयासाठी दोन लाख आणि मनोऱ्यासाठी दोन लाख दिले. मनोऱ्याला आईचे, राजाबाईंचे नाव मिळाले. पुढल्याच वर्षी बाकीचे गेले. बाजारातून वेळेवर बाहेर काढलेली ती रक्कम मात्र १८७८ पासून दगडात उभी आहे, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला किती वाजले ते सांगते आहे.