वीणा खाली न ठेवता

गोंदिया-जबलपूरच्या छोट्या गाडीचे रूळ बदलायचे म्हणून 2015 साली जबलपूर-नैनपूर वाहतूकच बंद झाली. गोंदियाहून ब्रॉडगेजने सलग जबलपूर गाठायला मग पाचेक वर्षं वाट पाहावी लागली. रूळ बदलायचा तर गाडी थांबणारच, यात कुणाला वावगं वाटलं नाही. पण गोंदियाहून निघालेला संदेश ज्या मोठ्या राउटरांमधून जातो, त्यांतलं बिघडलेलं कार्ड तंत्रज्ञ भर दुपारी ओढून काढतो, नवं सरकवतो, आणि बोलणाऱ्याला पत्ताही लागत नाही.

ही करामत मुळात टेलिफोनवाल्यांची. 1965 साली अमेरिकेत न्यू जर्सीतल्या सकासुना गावी पहिलं मोठं इलेक्ट्रॉनिक एक्स्चेंज सुरू झालं. बेल लॅब्जचं उद्दिष्ट होतं चाळीस वर्षांत मिळून दोन तासांपेक्षा जास्त बंद नाही! म्हणून मेंदू दोन बसवले. दोघं तेच काम करत आणि एकमेकांची उत्तरं ताडून बघत. एक चुकला की दुसरा चालू, आणि चुकलेल्याची दुरुस्ती सावकाश. 1976 साली टँडेम कंपनीने हाच विचार बँकांच्या संगणकात आणला. यंत्राचं नावच ‘नॉनस्टॉप’.

आपल्याकडे 1984 साली सी-डॉट ही सरकारी दूरसंचार संशोधन संस्था स्थापन झाली. तिचं खेड्यांसाठीचं 128 जोडण्यांचं रॅक्स एक्स्चेंज वातानुकूलनाशिवाय चाले. विदर्भातल्या उन्हाळ्यात ही साधी सोय नव्हे. त्यातही नियंत्रणाची कार्डं जोडीने असत, एक कामावर आणि एक तयारीत. खेड्यातल्या फोनलाही जोडीदार हवा, हे तेव्हा कुणाला तरी सुचलं याचं मला अप्रूप वाटतं.

राउटरांनी हा वारसा 1990च्या दशकात उचलला. सिस्कोच्या 7000 मालिकेत चालू यंत्रातलं कार्ड बदलता येऊ लागलं. त्यामागची युक्ती बघण्यासारखी आहे. कार्डाच्या जोडणीतल्या पिना एका लांबीच्या नसतात. जमिनीची आणि विजेची पिन लांब, निरोपाची आखूड. त्यामुळे आत सरकवताना आधी अर्थिंग आणि वीज लागते, मग निरोप. काढताना नेमकं उलटं. शिवाय नव्या कार्डाने एकदम वीज ओढून शेजाऱ्यांचा दाब पाडू नये म्हणून प्रवाह हळूहळू सोडणारं सर्किट असतं. अखंड हरिनाम सप्ताहात पहारा बदलताना वीणा अशीच हातोहात जाते. पुढचा टाळकरी ती गळ्यात घेतो तेव्हाच आधीचा सोडतो, आणि जमिनीवर ती टेकवत नाहीत.

पंखे, पॉवर सप्लाय, कार्ड, सगळं दुहेरी. पण जोडी तिथेच थांबते. मी पाहिलंय, दोन पॉवर सप्लाय असलेल्या एका राउटरच्या दोन्ही वायरी एकाच स्विचबोर्डात खोचलेल्या होत्या. आणि राउटरच्या बाहेरची तार? गावोगाव इंटरनेट नेणाऱ्या भारतनेट योजनेच्या पहिल्या टप्प्यात तालुक्याच्या यंत्रापासून ग्रामपंचायतीपर्यंत बहुधा फायबरची एकच वाट. सालेकसा किंवा देवरीच्या रस्त्याला जेसीबीचा दात लागला, तर आतल्या दोन मेंदूंना करण्यासारखं काही उरत नाही. ऑगस्ट 2023मध्ये केंद्राने भारतनेटच्या सुधारित योजनेला मंजुरी दिली. तिच्यात ग्रामपंचायती कड्याने, म्हणजे दोन बाजूंनी, जोडायच्या आहेत.