केडगाव ते गुलबर्गा

१८७४ साली दक्षिणेत अन्नान्नदशा झाली, तेव्हा अनंतशास्त्री डोंगरे यांचे कुटुंब तीर्थाटनात होते. शास्त्रीबुवा विद्वान, पुराणे सांगावीत आणि जे मिळेल त्यावर गुजराण करावी, हाच त्यांचा क्रम. धान्य संपले, तशी ही माणसे रानात शिरली. अकरा दिवस पाणी, पाला आणि मूठभर रानखजूर यांवर निघाले. शास्त्रीबुवा गेले, पाठोपाठ पत्नी लक्ष्मीबाई आणि थोरली मुलगीही गेली. धाकटी मुलगी रमा तेव्हा सोळा वर्षांची होती.

पुढे पंडिता म्हणून कीर्ती पावलेल्या रमाबाईंनी या मृत्यूंची मीमांसा केली, ती विलक्षण परखड आहे. कुळाचा आणि विद्येचा अभिमान आड आला. एखादा उपयोगी धंदा शिकण्याइतके आपण वाकलो नाही, नाहीतर आईवडिलांचे प्राण कदाचित वाचले असते, असे त्यांनी लिहून ठेवले. त्यांच्या सगळ्या सेवाकार्याचे मूळ येथे सापडते.

१८८३ साली इंग्लंडात वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तेथील भगिनी-संघाने पतित म्हणून समाजाने टाकलेल्या स्त्रियांसाठी चालविलेले आश्रयगृह त्यांनी पाहिले, आणि ख्रिस्ताने विहिरीपाशी शोमरोनी स्त्रीशी केलेल्या संभाषणाचा अर्थ त्यांना उलगडला. जिच्याशी बोलणेही निषिद्ध, तिच्याकडे देव पाणी मागतो, ही कल्पना त्यांच्या मनात कायमची रुजली. धर्माधिकाऱ्यांचा शब्द मात्र त्यांनी निमूटपणे कधीच मानला नाही. वाँटेजच्या भगिनींशी त्यांचा झालेला पत्रव्यवहार याची साक्ष देतो.

१८८९ साली मुंबईत शारदा सदन निघाले आणि पुढच्याच वर्षी ते पुण्यास आले. १८९३ साली मुलींच्या धर्मांतरावरून वादळ उठले. 'केसरी'ने झोड उठविली, रानडे व भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. आश्रयाबरोबर धर्मही दिला जातो, हा आक्षेप पोकळ नव्हता. पण त्याच वर्षी धोंडो केशव कर्वे यांनी ज्या गोदूबाईंशी पुनर्विवाह केला, त्या याच सदनाच्या विद्यार्थिनी होत्या, हेही विसरता येत नाही.

१८९६ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या. सरकारी मदतछावण्यांतून आणि रस्त्यांवरून सुमारे तीनशे मुली त्यांनी आणल्या. त्या गर्दीत त्यांनी आपली सोळा वर्षांची मूर्ती पुन्हा पाहिली असेल! पुण्यात प्लेगाचे निर्बंध. म्हणून दौंडच्या वाटेवर केडगावास घेतलेल्या शेतजमिनीवर सोय करावी लागली. १८९८ साली तेथे 'मुक्ती'ची इमारत उभी राहू लागली. १९०० च्या गुजरातेतील दुष्काळानंतर वस्ती दीड हजारांच्या घरात गेली.

एवढ्या तोंडांना अन्न कोठून येणार? पैशासाठी रमाबाईंची भिस्त प्रार्थनेवर होती; कोणाचे ठरलेले अनुदान नव्हते. मात्र मुलींना त्यांनी नुसते प्रार्थनेवर सोडले नाही. विहिरी खणल्या, शेती केली, गाईगुरे ठेवली. विणकाम, शिवणकाम, तेलाचा घाणा, छापखाना, धुलाई असे उद्योग चालत. आंधळ्यांना ब्रेल लिपी शिकविली जाई. भाकरी देणे ही दया. पण दुसऱ्या दुष्काळात ती मुलगी पुन्हा हात पसरील, तर पहिली दया फुकट गेली, हे रमाबाई अनुभवाने जाणत होत्या. एकाच आवारात देवावर भिस्त आणि मोटेच्या दोराला हात, असा हा मेळ होता.

१९१२ साली हेच काम निजामाच्या राज्यात शिरले. मराठी, कानडी, तेलुगू आणि उर्दू एकाच बाजारात ऐकू येत अशा गुलबर्ग्यास, म्हणजे आजच्या कलबुर्गीस, त्यांनी ख्रिस्ती हायस्कूल काढले. मागासलेला, कोरडवाहू मुलूख, शाळा थोड्याच. मुख्याध्यापक झाली रमाबाईंची एकुलती एक मुलगी मनोरमा. केडगावचा उद्योग दुष्काळाने सुरू करविला होता. गुलबर्ग्याच्या शाळेमागे तशी तातडी नव्हती, तेथे दुष्काळ येण्याआधीच शिक्षण पोहोचत होते.

मनोरमाबाई १९२१ साली वारल्या, आणि ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई. त्यांनी मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून केलेले मराठी बायबल १९२४ साली केडगावच्या छापखान्यातून बाहेर पडले. त्याचे खिळे तेथल्याच स्त्रियांनी जुळविले होते.