किती प्रती खपल्या म्हणजे वसूल?

जून 2023. मायक्रोसॉफ्टने ॲक्टिव्हिजन कंपनी विकत घ्यावी की नाही, यावर सॅन फ्रान्सिस्कोच्या न्यायालयात सुनावणी चालू होती. प्रतिस्पर्धी सोनीच्या एका कागदावरचे आकडे गुपित होते, म्हणून ते काळ्या मार्करने खोडले गेले. कागद स्कॅन झाला आणि शाईखालचे आकडे जगाने आरामात वाचले. ‘द लास्ट ऑफ अस पार्ट 2’ला 22 कोटी डॉलर लागले होते, ‘होरायझन फॉरबिडन वेस्ट’ला 21 कोटी 20 लाख. गेमवर किती ओतलं आणि ते वसूल व्हायला किती प्रती खपाव्या लागतात, हे या धंद्यात सहसा असंच कळतं. एक तर चुकून, नाहीतर दिवाळं वाजल्यावर.

सुरुवातीला हा हिशेब निदान डोळ्यांना दिसायचा. अटारी 2600 या घरगुती यंत्राच्या काळात गेम म्हणजे हातात धरायची कार्ट्रिज, आपल्याकडची ‘कॅसेट’. प्रत्येक प्रतीला चिप, प्लास्टिक आणि खोका लागे आणि न खपलेला माल गोदाम अडवून बसे. 1982 साली अटारीने ‘पॅक-मॅन’च्या सुमारे 1 कोटी 20 लाख कार्ट्रिज बनवल्या, असं सांगतात. 70 लाखांच्या आसपास खपूनही त्या उरल्या. त्याच वर्षी स्पीलबर्गच्या ‘ई.टी.’ सिनेमाच्या हक्कांसाठी 2 कोटी डॉलरहून अधिक रक्कम मोजल्याच्या बातम्या आल्या. नाताळ गाठायचा म्हणून हॉवर्ड स्कॉट वॉरशॉ याने पाच आठवड्यांत गेम लिहून दिला. तो सुमारे 15 लाख खपला. एरवी एवढ्या खपावर पेढे वाटले असते. इथे मात्र हक्कांची किंमत आणि छापलेला ढीग एवढा होता की हा खप पडझडीत मोजला गेला. 1983 मध्ये अटारीचा तोटा 53 कोटी डॉलरच्या पुढे गेला. उरलेला माल न्यू मेक्सिकोतल्या अलामोगोर्डोच्या कचराडेपोत पुरला. 2014 मध्ये तो उकरल्यावर दफनाची जबाबदारी असलेल्या माणसाने एकूण 7,28,000 कार्ट्रिज पुरल्याचं सांगितलं. त्यात ‘ई.टी.’ हा अनेकांतला एक.

मग सीडी आली, पुढे डाउनलोड आलं. एक प्रत काढायचा खर्च जवळजवळ शून्यावर आला. त्याबरोबर वसुलीचा आकडाही खाली यायला हवा होता, पण तो चढत गेला. कारण पैसा आता प्लास्टिकमध्ये नाही, पगारात जातो. एका माणसामागे महिन्याला 10,000 डॉलर हा धंद्यातला जुना ढोबळ अंदाज. 200 माणसं तीन वर्षं बसली, की 7 कोटी 20 लाख डॉलर गेले, जाहिरात वेगळी. 60 डॉलरच्या गेममधून ऑनलाइन दुकान 30 टक्के कापून घेतं. हातात उरतात 42. म्हणजे नुसते पगार निघायलाच 17 लाखांवर प्रती हव्यात, त्याही सवलत न देता. सेगाच्या ‘शेनमू’ने 1999 मध्येच याची चुणूक दाखवली होती. त्याचा कर्ता यू सुझुकी याने पुढे सांगितलेला खर्च 4 कोटी 70 लाख डॉलर, आणि खप 12 लाख. 2001 मध्ये सेगाने गेमची यंत्रं बनवणंच सोडलं. त्याला इतरही कारणं होती, पण ‘शेनमू’ने भार हलका केला नाही हे नक्की.

वसुलीचा आकडा एखाद्या राज्यपालाने पत्रकारांना सांगावा, हे मात्र ऱ्होड आयलंडमध्ये घडलं. अमेरिकेतलं हे सर्वांत छोटं राज्य. बेसबॉलपटू कर्ट शिलिंगची ‘38 स्टुडिओज’ ही कंपनी आपल्याकडे यावी, रोजगार मिळावा, म्हणून 2010 मध्ये राज्याने तिच्या 7.5 कोटी डॉलरच्या कर्जाला हमी दिली. कंपनीचा ‘किंगडम्स ऑफ अमालूर: रेकनिंग’ फेब्रुवारी 2012 मध्ये आला आणि 90 दिवसांत 12 लाख खपला. नव्या नावाच्या गेमला हे काही कमी नव्हे. मे महिन्यात कंपनीचा हप्ता थकला, पाठोपाठ सगळे कर्मचारी घरी गेले. राज्यपाल लिंकन चाफी यांनी सांगितलं की खर्च निघायला 30 लाख प्रती खपायला हव्या होत्या. गंमत म्हणजे ‘रेकनिंग’ बनला होता मेरीलँडमधल्या उपकंपनीत. ऱ्होड आयलंडमध्ये ज्या अवाढव्य ऑनलाइन गेमचं काम चालू होतं, तो कधी बाजारात आलाच नाही. जूनमध्ये दिवाळखोरी जाहीर झाली, आणि गेमचं नावही न ऐकलेल्या करदात्यांच्या डोक्यावर कर्ज बसलं.

पुढच्याच वर्षी स्क्वेअर एनिक्स या जपानी कंपनीने नव्या ‘टुम्ब रेडर’च्या चार आठवड्यांत 34 लाख प्रती खपल्याचं सांगितलं, आणि त्याच दमात हा खप अपेक्षेपेक्षा कमी असल्याचंही. कंपनीचे अध्यक्ष योइची वादा पायउतार झाले. गेम मात्र 2013 संपता संपता नफ्यात आला होता. तेव्हा बुडाला होता तो गेम की कंपनीचा अंदाज, हा प्रश्न रास्तच.

दुसऱ्या टोकाला एरिक बॅरोन आहे. त्याने साडेचार वर्षं एकट्याने खपून 2016 मध्ये ‘स्टारड्यू व्हॅली’ आणला. पगार द्यायला दुसरं कुणी नव्हतंच. 2024 अखेर गेमचा खप 4 कोटींवर गेला. पण छोट्या स्टुडिओलाही पैसा लागतोच: पुण्याच्या ‘नॉडिंग हेड्स’ने ‘राजी’ या गेमसाठी 2017 मध्ये लोकवर्गणीचं आवाहन केलं, ते फसलं, गेम 2020 मध्ये आला तो पुढे एपिक गेम्सचं अनुदान मिळवून.

डिसेंबर 2023 मध्ये हॅकरांनी सोनीच्याच इन्सोम्नियॅक स्टुडिओची कागदपत्रं फोडली. त्यांच्यानुसार ‘स्पायडरमॅन 2’चा खर्च सुमारे 30 कोटी डॉलर, आणि तो निघायला पूर्ण किमतीत 72 लाख प्रती खपणं आवश्यक. फेब्रुवारी 2024 पर्यंत गेमचा खप 1 कोटींवर गेला. त्याच महिन्यात सोनीने प्लेस्टेशन विभागातल्या सुमारे 900 जणांना कामावरून कमी केलं. त्यात इन्सोम्नियॅकचीही माणसं होती.