पेटलादची तंबाखू आणि गोळीची मात्रा

गायकवाडांच्या बडोदा राज्यात पेटलाद ओळखलं जायचं ते तंबाखूसाठी. चरोतरच्या या पिकाला दोन वाटा फुटल्या. एक विडीची: इथली तंबाखू आणि गोंदिया-भंडाऱ्याकडचं तेंदूपान यांची जोडी जमली. दुसरी थेट तोंडात जाणारी: चुन्याबरोबर मळलेली, विड्यात घातलेली, मराठी घरांत भाजून मशेरी झालेली.

दारूचं वळण निराळं. १ मे १९४९ रोजी बडोदा मुंबई राज्यात विलीन झालं आणि त्याच वर्षी मुंबईचा दारूबंदी कायदा आला. १९६० मध्ये गुजरात वेगळा झाला, पण दारूबंदी त्याने कायम ठेवली. चोरून पिणं मात्र थांबलं नाही.

तंबाखूच्या या सवयींचा हिशेब मुंबईत मांडला गेला. कर्करोगाचे अभ्यासक संघवी, खानोलकर आणि सहकाऱ्यांनी १९५५ मध्ये ओढणारे आणि चघळणारे वेगवेगळे मोजून तोंडाच्या व घशाच्या कर्करोगाशी असलेलं नातं दाखवलं.

हाच भेद आज उपचारातही कामी येतो. टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी डोकं-मानेच्या कर्करोगासाठी मेथोट्रेक्सेट, सेलेकॉक्सिब आणि एर्लोटिनिब या गोळ्या कमी मात्रेत एकत्र देण्याची स्वस्त पद्धत अभ्यासली. तोंडाचा कर्करोगही त्यातच येतो. यातली एर्लोटिनिब यकृतात मोडते. विडीच्या धुरातल्या हायड्रोकार्बनमुळे यकृतातली काही विकरं (एन्झाइम्स) वाढतात आणि गोळी झपाट्याने संपते. ओढणाऱ्याच्या रक्तात ती न ओढणाऱ्याच्या जेमतेम निम्मी किंवा त्याहून कमी उरते. विकरं चेतवतो तो धूर, निकोटिन नव्हे. म्हणून मशेरी लावणारीला कर्करोग होऊ शकतो, पण तिची गोळी अशी लवकर संपत नाही. याच कर्करोगावर शिरेतून दिलं जाणारं सिसप्लॅटिन हे औषध मुख्यतः मूत्रपिंडावाटे बाहेर पडतं, त्यामुळे या विकरांचा त्याच्याशी फारसा संबंध येत नाही.

दारूचा धोका मेथोट्रेक्सेटशी आहे. दोन्ही यकृताला इजा करतात आणि एकत्र आली की ती इजा वाढते.

विडी सुटली की काही दिवसांत विकरं ओसरतात आणि तीच गोळी रक्तात जास्त उरू लागते. ओढणाऱ्यासाठी मात्रा वाढवलेली असेल तर ती लगेच कमी करावी लागते. त्यामुळे पेशंटने सवय कधी सोडली, हेही डॉक्टरांना कळायला हवं. बडोद्यात विडीबद्दल विचारलं तर उत्तर सहज मिळतं. दारूचं तसं नाही. परवान्याशिवाय पिणं इथे गुन्हा आहे, आणि केसपेपरवर तो रकाना भरताना पेशंट आधी शेजारी बसलेल्या मुलाकडे बघतो.