कचेरीच्या पायऱ्या आणि सभागृहातील जागा

भगिनींनो, वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत राज्यघटनेसारखा रुक्ष विषय कशास, असे कुणी म्हणेल. परंतु नळाला पाणी नाही म्हणून आपल्यापैकी कितीजणींनी महानगरपालिकेच्या कचेरीच्या पायऱ्या झिजविल्या आहेत! त्या पायऱ्यांशीच ह्या विषयाचा संबंध आहे.

१९५० साली अमलात आलेल्या घटनेच्या कलम १५ ने स्त्रीपुरुष असा भेद करण्यास राज्यास मनाई केली, आणि स्त्रियांसाठी खास तरतूद करण्याची मुभाही दिली. मुभा होती, सक्ती नव्हती. मताचा हक्क मिळाला. निवडून येणाऱ्या मात्र विरळा. १९६१ साली मृणाल गोरे मुंबई महानगरपालिकेत गेल्या आणि पुढे ‘पाणीवाली बाई’ म्हणून घरोघरी माहीत झाल्या. पण अशी नावे बोटांवर मोजावी इतकीच.

आता आपल्याकडची हकिगत. ठाण्याची महानगरपालिका १९८२ सालची, कल्याणची १९८३ सालची. ठाण्यात १९८६ साली निवडणूक झाली. कल्याण-डोंबिवलीकरांच्या नशिबी मात्र बारा वर्षे प्रशासक आला. जेथे सभागृहच नाही तेथे पुरुषांनाही जागा नव्हती, मग बायकांची काय कथा?

१ जून १९९३ रोजी चौऱ्याहत्तरावी घटनादुरुस्ती लागू झाली. तिने नागरी संस्थांत किमान एक तृतीयांश जागा स्त्रियांसाठी राखल्या. शिवाय मुदत संपण्याआधी पुढील निवडणूक घेतलीच पाहिजे, असेही बजावले. ह्या दुसऱ्या अटीकडे आपले लक्ष सहसा जात नाही. महाराष्ट्राने १९९० सालीच तीस टक्के जागा राखल्या होत्या, ते श्रेय द्यावयास हवे. तथापि राज्याचा कायदा राज्य बदलू शकते. घटनेतील कलम इतके सहजी पुसता येत नाही.

१९९५ साली कल्याणची पहिली निवडणूक झाली. तेव्हा येथील पहिल्याच सभागृहात स्त्रिया आल्या त्या कुणाच्या मेहेरबानीने नव्हेत, हक्काने. २०११ साली राज्याने वाटा निम्मा केला. कल्याण-डोंबिवलीस कल्याणी पाटील, विनिता राणे, तर ठाण्यास मीनाक्षी शिंदे अशा महापौर लाभल्या.

“बाई नावाला, कारभार यजमानांचा,” हा टोमणा आपण ऐकतोच. काही ठिकाणी तो खराही आहे. पण अनुभव खुर्चीवर बसल्याखेरीज यावा कसा? मला खरी खंत आहे ती चिठ्ठी काढून प्रभाग फिरविण्याची. पाच वर्षे राबून बाई कामात मुरते, आणि प्रभाग खुला होताच तिची उमेदवारी जाते.

२०२३ साली लोकसभा-विधानसभांतही एक तृतीयांश जागा देणारी दुरुस्ती झाली. ती जनगणना व मतदारसंघांची फेररचना यांवर अवलंबून ठेवलेली आहे.

आणि कल्याण-डोंबिवलीत? २०२० च्या नोव्हेंबरात सभागृहाची मुदत संपली. आधी करोना, मग आरक्षणाचे खटले; निवडणूक कित्येक वर्षे लांबली. बायकांच्या निम्म्या जागा कागदावर शाबूत राहिल्या, आणि पाण्याची तक्रार घेऊन आपण पुन्हा त्याच पायऱ्यांवर उभ्या राहिलो.