जहाजी रडार

धुके, पाऊस किंवा काळोखात आसपासची जहाजे व किनारा हेरून टक्कर टाळण्यासाठी वापरले जाणारे उपकरण. उंचावर फिरणारी अँटेना सूक्ष्मतरंगांचे स्पंद सोडते. प्रतिध्वनी परतायला लागलेल्या वेळावरून अंतर कळते (एका सागरी मैलाला सुमारे १२.४ मायक्रोसेकंद) आणि अँटेनेच्या रोखावरून दिशा. समोरचे जहाज चालले आहे कुठे, हे मात्र एका ठिपक्यावरून कळत नाही. त्यासाठी ठरावीक वेळाने नोंदी घेऊन त्या जोडाव्या लागतात; यालाच आलेखन म्हणतात. दर सहा मिनिटांनी नोंद करण्याची जुनी रीत सोयीची, कारण त्या अवधीत कापलेल्या मैलांना दहाने गुणले की वेग नॉटमध्ये मिळतो. अंतर घटते आहे आणि दिशा जवळपास तीच आहे, तर टक्करीचा धोका आहे असे मानून हालचाल करायची.

धातूच्या वस्तूवरून परतणाऱ्या लहरींनी जहाज ओळखता येते, हे जर्मनीच्या ख्रिस्तिआन ह्यूल्समायरने १९०४ मध्ये कोलोनला दाखवून दिले. गिऱ्हाईक मात्र मिळाले नाही. व्यापारी जहाजांवर रडार रुजले ते दुसऱ्या महायुद्धानंतर.

रडारवरच्या आंधळ्या विश्वासाचे उदाहरण म्हणून आजही ‘आंद्रेआ डोरिया’ शिकवली जाते. २५ जुलै १९५६ च्या रात्री अमेरिकेच्या नँटकेट बेटाजवळ हे इटालियन प्रवासी जहाज दाट धुक्यातून सुमारे २२ नॉटने निघाले होते. समोरून येणारे स्वीडिश ‘स्टॉकहोम’ त्याच्या रडारवर सुमारे १७ मैलांवरच दिसले. दोन्ही जहाजांवर रडार चालू होते. पण ‘डोरिया’वर आलेखन केलेच नाही. एकमेकांना उजव्या बाजूने ओलांडू, असे गृहीत धरून कप्तान कालामाई यांनी जहाज अवघे चार अंश डावीकडे वळवले. ‘स्टॉकहोम’ने डावीकडून ओलांडण्याच्या हिशोबाने उजवीकडे वळण घेतले आणि त्याचा बर्फासाठी मजबूत केलेला नाळेचा भाग ‘डोरिया’च्या कुशीत घुसला. ५१ माणसे दगावली. ‘डोरिया’ दुसऱ्या दिवशी सकाळी बुडाली.

चार अंशांचा बदल समोरच्या रडारवर उमटतही नाही. १९७२ च्या आंतरराष्ट्रीय टक्कर-निवारण नियमांत म्हणूनच वळण समोरच्याला सहज जाणवेल एवढे मोठे असावे, रडारच्या तुटपुंज्या माहितीवरून तर्क बांधू नयेत आणि धुक्यात पुढच्या बाजूच्या जहाजासाठी डावीकडे वळणे शक्यतो टाळावे, अशी कलमे आहेत. हे नियम १९७७ पासून लागू आहेत.

आता आलेखन ‘आर्पा’ ही संगणकीय यंत्रणा करते: दुसरे जहाज किती जवळून आणि किती मिनिटांनी जाईल, हे पडद्यावरच येते. तरीही खवळलेल्या लाटा व मुसळधार पाऊस यांचे प्रतिध्वनी पडदा भरून टाकतात. ते पुसण्यासाठी बटण जास्त फिरवले, तर लहान होड्याही त्याबरोबर पुसल्या जातात. लाकडी किंवा फायबरच्या मासेमारी होड्या तर मुळातच क्षीण उमटतात. कोकण किनाऱ्यासारख्या होड्यांच्या गर्दीच्या पाण्यात ही अडचण मोठी. रडार कितीही चांगले असले, तरी डोळ्यांनी व कानांनी पहारा ठेवण्याची सक्ती नियमांनी कायम ठेवली आहे.